केंडो लॉग, महिना आठवा: पाय आला, शिनाई मागेच

मागच्या वेळी फुशारकी मारलेली की केंडोतलं (जपानी तलवारबाजी) फुमिकोमी, म्हणजे पाय आपटत पुढे झेप घेणं, जमायला लागलं, ती परत घेतो. उजवा पाय दणकून पडतोय, आवाज झकास, पण स्लो मोशन व्हिडिओ बघितला आणि ओशाळलो. आधी पाय, मग शिनाई (बांबूची तलवार) आणि "मेन!" (डोक्यावरचा फटका) ही आरोळी सगळ्यात शेवटी, सुटलेल्या लोकलमागे धावल्यासारखी.

शिन-गी-ताई, म्हणजे मन-तंत्र-शरीर, हे इथे जपानात सगळ्याच बुदोवाल्यांच्या (जपानी युद्धकलावाल्यांच्या) तोंडी असतं. केंडोत त्याच्या जवळचं की-केन-ताई-इच्ची, जोश तलवार शरीर एका क्षणी. ही नुसती भिंतीवर लावायची पाटी नाहीये हां, मॅचमध्ये शिनाई नुसती लागली तर पॉइंट नाही, तिघांपैकी दोन पंचांचे झेंडे वर जायला कियाई (जोशाची आरोळी), पवित्रा, पात्याची दिशा आणि फटक्यानंतरचं झानशिन (सावधपणा) सगळं लागतं. जिंकलो म्हणून मूठ हवेत उडवली तर दिलेला इप्पोन (पॉइंट) सुद्धा काढून घेतात. (विकेट पडली की नाचणारे आपण, अवघड आहे.)

मला वाटलं हातच स्लो आहेत, म्हणून महिनाभर रोज ३०० सुबुरी (हवेत शिनाई फिरवायचा सराव). पुरुषांची ३९ नंबरची शिनाई कमीत कमी ५१० ग्रॅम, ऐकायला काहीच नाही, दोनशेनंतर विचारा. फरक शून्य. मग एका केइकोत (सरावात) सेन्सेई (गुरुजी) काही न बोलता आले आणि शिनाईच्या टोकाने माझ्या डाव्या टाचेला टिचकी मारून गेले, बास.

परत व्हिडिओ. उडी घ्यायच्या आधी मी डावा पाय गुपचूप पुढे ओढतोय! म्हणजे अंग दोन हप्त्यांत निघतंय, आणि समोरच्याला आगाऊ नोटीस. गंमत म्हणजे सावकाश एकट्याने करताना असं होत नाही, एक उंच शाळकरी पोरगा समोर आला की हमखास होतं, कारण तो आधी मारेल ही धाकधूक. म्हणजे घोळ मनातला होता आणि मी खांदे दुखवत बसलेलो.

सध्या सुबुरी १००वर आणल्या, सुरीआशीने (पाय घसटत) हळू मेन, आणि एका दमात किरिकाएशी (सलग फटक्यांचा सराव). वीसपैकी सहा-सात फटक्यांत तिन्ही एकत्र येतात, त्या पोरासमोर दोनच.

डाव्या तळव्याची साल निघालीय, टेप घामाने सुटते. तुम्ही कुठली पट्टी लावता?