मृग ते पौष : किनाऱ्यावरचा जांभळा वाफा

जांभळ्या फुलांचा वाफा म्हटलं की लॅव्हेंडर आठवतं, पण ते या वाफ्यात नाही. रत्नागिरी-मालवण पट्ट्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोरड्या हवेचं ते झाड श्रावणातच मुळाशी कुजतं. इथे जांभळा रंग हवा तर निर्गुडी, जांभळी कोरांटी आणि कृष्णतुळस.

वाफा मृगाआधी भरला. कातळावर माती वीतभरच आणि पाणी तुंबतं, म्हणून कडेने चिरे रचून उंची ३० सेंटिमीटर घेतली. लाल माती दोन घमेली, जांभ्याची बारीक खडी एक, कुजलेलं शेणखत एक. खडीऐवजी किनाऱ्यावरची वाळू घालू नये, तिच्यात मीठ असतं. शेणखतही वाढवू नये. पाला माजतो, फूल कमी येतं.

वाऱ्याच्या बाजूला निर्गुडी, दीड मीटर अंतराने. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, २० सेंटिमीटर लांबीच्या काड्या, दोन डोळे मातीत. मध्ये कोरांटी ६० सेंटिमीटरवर, पुढे तुळस ४५ वर.

आषाढात कोरांटीची काही रोपं बुंध्याशी काळी पडली. कारण एकच : पालापाचोळ्याचं आच्छादन खोडाला टेकलेलं होतं. भर पावसात आच्छादन नकोच. ते पाऊस ओसरल्यावर पसरावं आणि खोडापासून चार बोटं दूर ठेवावं.

कोरांटीचे शेंडे दोनदा खुडले की झुडूप भरतं. पण नारळी पौर्णिमेनंतर शेंड्याला हात लावू नये, दसरा-दिवाळीचा बहरच त्याबरोबर जातो. यंदा बहर दाट आला. सातेरी (देशी मधमाश्या) सकाळी तुळशीवर, काळे भुंगे ऊन चढल्यावर कोरांटीवर.

वाफ्याच्या टोकाला एक वांग्याचं झाड मुद्दाम ठेवलं आहे. वांग्याच्या फुलातला पराग परागकोशाच्या टोकावरच्या बारीक छिद्रांतून, फूल थरथरलं की बाहेर पडतो. सातेरीला ते जमत नाही. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी पंखांचे स्नायू थरथरवून तो झाडून घेतात. तो गुणगुणाट जवळ उभं राहून ऐकण्यासारखा असतो. ही निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते. सगळा वाफा आच्छादला तर तिला घर उरत नाही, म्हणून उताराची हातभर जागा उघडी ठेवलेली आहे. भुंग्याच्या घरट्यासाठी गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, वाळके बांबू.

तुळशीची पानं वळून खाली काळे ठिपके दिसले तर ते जाळीदार पंखांचे ढेकूण. पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवसांआड पुरतो. कीटकनाशक फुलोऱ्यावर मारायचं नाही, निंबोळी अर्कसुद्धा नाही.

रोपवाटिकेत जांभळी रुएलिया स्वस्त मिळते. ती घेऊ नये : बोंडं ओल लागताच फुटून बी दूर फेकतात आणि ओहोळाकाठी तिचं रान होतं.

आता पौषात कोरांटी संपत आली आहे. फुलं सरली की ती गुडघ्याएवढी छाटायची, निर्गुडी एक तृतीयांश. वैशाखात विहिरीचं पाणी मचूळ लागलं तर रोज शिंपण्यापेक्षा आठवड्यातून एकदा आळं भरून द्यावं, म्हणजे क्षार वरच्या थरात साचत नाहीत.