जर्मनीत मॅच बघायला निघालात? आधी तिकिटाचं गणित बघा

‘पंधरा-वीस युरोत बुंडेसलिगाची (जर्मनीतली पहिली फुटबॉल लीग) मॅच’ हे वाचून जे जर्मनीचं विमान पकडायला निघालेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. वाक्य खोटं नाही. डॉर्टमुंडला किंवा म्युनिकला उभं राहून बघायच्या स्टँडचं तिकीट खरोखर त्याच भावात विकलं जातं. फक्त ते तुम्हाला-आम्हाला विकलं जात नाही. ही एक ओळ कुणीच सांगत नाही, आणि सगळा खर्च तिथेच वाढतो.

मार्ग असा: म्युनिक, डॉर्टमुंड, गेल्सनकिर्खेन, कोलोन, हांबुर्ग, बर्लिन. किल्ले, म्युझियमं, ऱ्हाइनची बोटफेरी छान आहे, ते इतरांनी लिहिलंय. व्हिसा, थंडीचे कपडे आणि दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालायची सवय असेल असं धरूनच पुढे लिहितोय.

आधी डॉर्टमुंडचा हिशेब. स्टेडियमची क्षमता ८१,३६५. त्यातली साधारण ५५ हजार सीझन तिकिटं, म्हणजे घरच्या मैदानावरच्या वर्षभराच्या मॅचसाठी आधीच विकलेल्या जागा. पाहुण्या संघाच्या लोकांसाठी नियमाप्रमाणे दहा टक्के, म्हणजे आठेक हजार. उरली अठरा हजार. क्लबचे सभासद दोन लाखांच्या वर आहेत आणि पहिला हक्क त्यांचा. शिवाय फॅनक्लब आणि प्रायोजक आहेतच. आणि ज्या पिवळ्या भिंतीचे फोटो बघून आपण निघालेलो असतो, त्या दक्षिणेच्या स्टँडमधल्या सुमारे २५ हजार जागा जवळपास सगळ्या सीझनवाल्यांच्या आहेत. खुल्या विक्रीत काय येणार? गर्दी कमी असलेल्या संघाविरुद्धच्या मॅचची, कोपऱ्यातली, सुटी सुटी तिकिटं.

तिकीट स्वस्त का, हेही याच हिशेबात आहे. जर्मनीत ५०+१ चा नियम आहे. क्लबच्या फुटबॉल कंपनीत मतांचं बहुमत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिलं पाहिजे. लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग हे जुने अपवाद. मालक सभासदच असल्यामुळे उभ्याचं तिकीट महाग केलं की सर्वसाधारण सभेत आरडाओरडा होतो. म्हणजे स्वस्ताई ही घरच्यांसाठी आहे. पाहुण्याला ती आपोआप मिळत नाही.

इथे पुनर्विक्रीच्या खासगी साइट्स येतात. ‘डॉर्टमुंड तिकीट’ असं शोधलं की क्लबच्या साइटच्या वर त्यांच्याच जाहिराती दिसतात. वीस युरोचं तिकीट दीडशे-दोनशेला सर्रास असतं. म्युनिकचा बायर्न विरुद्ध डॉर्टमुंड असेल तर विचारूच नका. नुसता भाव जास्त असता तर एक वेळ चाललं असतं. खरी गोम पुढे आहे. बऱ्याचदा विकणाऱ्याच्या हातात तिकीट नसतंच. आधी तुमचे पैसे घेतात आणि मग मॅचच्या आदल्या दिवशी कुठूनतरी पैदा करतात. मिळालं नाही तर रिफंड येतो, पण तोवर तुमचं हॉटेल आणि रेल्वे गेलेली असते. मिळालं तर कुणा तिसऱ्याच सभासदाच्या नावाचं असतं. ‘दोन तिकिटं एकत्र’ म्हणून घेतलेली दोन वेगळ्या ब्लॉकमध्ये निघतात. कधी थेट पाहुण्या संघाच्या पिंजऱ्यातलं तिकीट हातात येतं; तिथे यजमान संघाचा स्कार्फ घालून गेलात तर सुरक्षारक्षकच बाहेर काढतात, आणि ते बरोबरच करतात.

क्लबांच्या विक्रीच्या अटींत चढ्या भावाने पुनर्विक्रीला बंदी असते. सापडलं की तिकीट रद्द होतं आणि दारावरचा स्कॅनर लाल दिवा दाखवतो. त्या क्षणी तुमच्याकडे फक्त एक पावती असते, तीही अशा कंपनीची जिचा त्या शहराशी काही संबंध नाही. माझं मत स्पष्ट आहे: खासगी पुनर्विक्रीवरून अजिबात घेऊ नका. एवढेच पैसे घालवायचे असतील तर क्लबचं स्वतःचं हॉस्पिटॅलिटी पॅकेज (जागा आणि जेवण एकत्र) घ्या. तेही महाग आहे, जेवण भावाच्या मानाने सुमार, पण निदान दारातून आत तर जाल.

आता सरळ वाट. एक, मोठा क्लब हवाच असेल तर सभासद व्हा. बहुतेकांची वर्षाची वर्गणी शंभर युरोच्या आत आहे. मात्र काही ठिकाणी पैसे भरायला युरोपातलं बँक खातं लागतं, कारण वर्गणी थेट खात्यातून वळती होते. हे आधी तपासा. तिकडे कुणी नातलग किंवा मित्र असेल तर त्याच्या खात्याचा उपयोग होतो. दोन, बायर्नमध्ये सभासद झालात म्हणजे तिकीट मिळालं असं नाही. मागणी नोंदवायची, मग सोडत. सभासद चार लाखांच्या वर आणि जागा ७५ हजार, बाकी तुम्हीच समजा. तीन, क्लबचा अधिकृत दुय्यम बाजार. सीझनवाल्याला येता येत नसेल तर तो आपली जागा क्लबच्याच साइटवर, मूळ भावात किंवा किरकोळ शुल्क लावून परत विकतो. खरी तिकिटं इथेच मिळतात. आठवडाभर आधी बघून ‘काहीच नाही’ म्हणून लोक निराश होतात. प्रत्यक्षात जागा पडायला लागतात त्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत. खातं आधीच उघडून, कार्ड नोंदवून ठेवा. तिकीट बास्केटमध्ये पडल्यावर पत्ता टाइप करत बसलात तर गेलंच. दोघांना एकत्र जागा हा हट्ट सोडा, एकेकटं शोधा.

तारखेचा सापळा याहून वाईट. वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं, पण त्यात फक्त आठवडा ठरलेला असतो. मॅच शुक्रवारी रात्री ८:३० ला, शनिवारी ३:३० किंवा ६:३० ला, की रविवारी ३:३० किंवा ५:३० ला, हे नंतर टप्प्याटप्प्याने ठरतं. तोपर्यंत बऱ्याच साइट्स ‘शनिवार ३:३०’ असं बेधडक छापतात. ते पाहून शनिवारी रात्रीचं परतीचं विमान काढलं आणि मॅच रविवारी गेली, की संपलं. दिवस पक्का होईपर्यंत रद्द न होणारं काहीही बुक करू नका. युरोपियन स्पर्धेत खेळणारा संघ असेल तर रविवारची शक्यता जास्त. आणि डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हिवाळी सुट्टी असते. नाताळच्या रजेत जाऊन मॅच बघायचा बेत आखणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मॅचच्या दिवशीच लांबून गाडीने यायचं धाडस नको. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या दहापैकी जेमतेम सहा गाड्या वेळेवर होत्या. आदल्या रात्री शहरात पोचा. डॉर्टमुंडची हॉटेलं मॅचच्या वीकेंडला भाव चढवतात, म्हणून बोखुम किंवा एसेनला उतरा; तिथून डॉर्टमुंड आणि गेल्सनकिर्खेन दोन्ही लोकल अंतरावर. महिनाभराचं डॉइचलांड-तिकीट (जानेवारी २०२६ पासून ६३ युरो) सगळ्या लोकल, ट्राम, प्रादेशिक गाड्यांना चालतं, वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांना नाही. डॉर्टमुंड, शाल्के (गेल्सनकिर्खेनचा क्लब), कोलोन इथल्या मॅचच्या तिकिटातच त्या दिवसाचा लोकल प्रवास धरलेला असतो, तिकिटावर तसं छापलेलं दिसतं. म्युनिकमध्ये तो धरू नका. वेगळं तिकीट काढा.

म्युनिकवरून आठवलं, या सगळ्या मार्गातला सर्वांत वाईट टप्पा म्हणजे आलियांझ अरेना या बायर्नच्या स्टेडियममधून परत येणं. जाताना काही नाही: मारीएनप्लाट्झ या शहरातल्या मुख्य चौकातून यू-सिक्स मेट्रो, फ्रॉट्मानिंगला उतरा, लांबलचक मोकळ्या वाटेने दहा-पंधरा मिनिटं चाला. येताना ७५ हजार माणसं त्याच एका स्टेशनवर. गर्दी टप्प्याटप्प्याने आत सोडतात, आणि जानेवारीत त्या उघड्या माळावरचा वारा कानशिलं सोलून काढतो. शेवटची शिट्टी झाल्यावर धावत सुटणारे आणि पाऊण तास आतच बसून निघणारे जवळपास एकाच वेळी मारीएनप्लाट्झला पोचतात. म्हणून आतच थांबा. ८५ व्या मिनिटाला उठून जाणारे स्थानिक लोक दिसतील. त्यांचं सीझन तिकीट आहे, तुमचं नाही.

डॉर्टमुंडला उलट. मेट्रोच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा सरळ चालत सुटा, क्रॉइत्सफिअर्टेल या वस्तीतून मुख्य स्टेशनपर्यंत पाऊण तास. गर्दीच्या मागे गेलं की झालं, नकाशाही लागत नाही. गेल्सनकिर्खेनमध्ये मात्र पर्याय नाही: मुख्य स्टेशनवरून ३०२ नंबरची ट्राम, येताना तीच ट्राम, ठासून भरलेली. हांबुर्गला श्टेलिंगेन स्टेशनपासून वीसेक मिनिटं चाल. कोलोनला नॉयमार्क्टवरून एक नंबरची ट्राम.

आता जे कुणी सांगत नाही ते. पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसऱ्या डिव्हिजनची मॅच धरावी. जर्मनीत क्लबची लोकप्रियता आणि तो कुठल्या डिव्हिजनमध्ये आहे, यांचा फारसा मेळ नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात शाल्के आणि हेर्था बर्लिन खाली घसरले आणि हायडेनहाइम वर चढला. शाल्केचं स्टेडियम ६२ हजारांचं, बर्लिनचं ऑलिम्पिक स्टेडियम ७४ हजारांचं, हायडेनहाइमचं १५ हजारांचं. खाली गेल्यावरही शाल्केच्या मॅचला सरासरी ६० हजारांवर लोक येत राहिले. हांबुर्ग तर २०१८ पासून २०२५ पर्यंत सात वर्षं खाली होता, तरी स्टेडियम भरत होतं. पहिल्या डिव्हिजनची सरासरी ३८ हजारांच्या पुढे. असल्या जुन्या क्लबांच्या जिवावर दुसरी डिव्हिजनही युरोपातल्या कितीतरी देशांच्या पहिल्या लीगपेक्षा जास्त गर्दी खेचते. म्हणून लीगचा तक्ता बघून मॅच निवडू नका. पहिल्या डिव्हिजनमधली हॉफेनहाइमची मॅच (स्टेडियम झिन्सहाइम या छोट्या गावाबाहेर, महामार्गाला लागून) आणि दुसऱ्या डिव्हिजनमधली शाल्केची मॅच असा पर्याय आला तर विचार करायची गरजच नाही.

जाहीर होणाऱ्या आकड्यांवरही डोळे मिटून विश्वास नको. बहुतेक ठिकाणी तो विकलेल्या तिकिटांचा असतो, आत आलेल्या माणसांचा नाही. सीझनवाला आला नाही तरी तो मोजला जातो. ‘हाउसफुल्ल’ असं लिहिलेलं असताना शेजारच्या चार खुर्च्या रिकाम्या दिसतात त्या यामुळेच. त्या जागा दुय्यम बाजारात आल्या असत्या तर आपल्याला मिळाल्या असत्या. चिडायला हे कारण पुरेसं आहे.

बर्लिनमध्ये सहज मिळतं ते हेर्थाचं तिकीट, बऱ्याच मॅचना दोन दिवस आधीही. मात्र मैदानाभोवती धावपट्टी आहे, खालच्या रांगांतून पलीकडचा गोल म्हणजे नुसता अंदाज. वरच्या मजल्यावरचं घ्या, स्वस्तही पडतं. युनियन बर्लिनचा नाद पाहुण्याने सोडावा. २२ हजार जागा, त्यातल्या बसायच्या जेमतेम ३,६००, आणि जुनं स्टेडियम २००८-०९ मध्ये क्लबच्या समर्थकांनी स्वतः घमेली उचलून नव्याने बांधलेलं. तिकीट जवळपास सभासदांतच संपतं. त्यांना दोष देता येत नाही, पण बर्लिनला जाणारा प्रत्येक जण ‘युनियनला जा’ असा सल्ला देतो तो वाऱ्यावर सोडून द्या.

उभ्याच्या स्टँडमध्ये जागा मिळाली तर नंबर नसतो. तासभर आधी जा आणि लोखंडी आडव्या दांडीच्या लगेच पुढे उभे राहा, म्हणजे गोल झाल्यावर मागून येणारा लोट दांडीवर अडतो. दांडीच्या मागे उभं राहिलात तर तीच पोटात बसते. खालच्या मधल्या भागात अल्ट्रा लोक (कट्टर समर्थकांचे गट) असतात: तिथे मोबाइल वर धरून व्हिडिओ काढू नका, हातातून खाली करायला लावतात. झेंड्यामुळे मॅचचा तिसरा हिस्सा दिसत नाही, तक्रार करायची सोय नाही. निषेध हाही कार्यक्रमाचाच भाग समजा. डिसेंबर २०२३ मध्ये लीगमध्ये गुंतवणूकदार आणण्याच्या विरोधात पहिली बारा मिनिटं अख्खे स्टँड गप्प राहत होते, पुढे मैदानात टेनिस बॉल पडून मॅच थांबत होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो बेत गुंडाळला. असं काही झालं की मॅच लांबते, म्हणून मॅच संपल्यावर तासाभरात सुटणारी शेवटची गाडी कधीही धरू नका.

बॅग ए-फोर कागदाच्या आकाराएवढीच. पाठीवरची सॅक हॉटेलवर ठेवा, स्टेडियमबाहेर सामान ठेवायच्या रांगेत पहिला गोल हुकतो. आत कार्डनेच पैसे चालतात असं धरून जा. बिअरच्या ग्लासचं डिपॉझिट बिलात लावतात, ग्लास परत केला की मिळतं. संपल्यावरची रांग टाळायची तर हाफटाइमनंतर लगेच द्या. जोखमीच्या (मारामारीची भीती असलेल्या) मॅचला मिळणारी बिअर बिनअल्कोहोलची असू शकते, भाव तोच.

आणि सभासद झाला असाल तर शेवटचं काम विसरू नका. सभासदत्व आपोआप पुढच्या वर्षात जातं आणि रद्द करायची मुदत सीझन संपायच्या आधीच उलटलेली असू शकते. मॅच झाली की दुसऱ्या दिवशी सभासद क्रमांक टाकून ईमेल करा आणि लेखी पोच येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.