‘गेस चार्जिंग, १ नंग’: रेफ्रिजरंटचा हिशोब किलोत आणण्याचा माझा अनुभव

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या अन्नप्रक्रिया कारखान्याकडे दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या ग्राहकाने हरितगृह वायूंचा हिशोब मागितला. तो ग्राहक शेअर बाजारात नोंदलेला. सेबीच्या बीआरएसआर अहवालासाठी, म्हणजे कंपनीच्या पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीच्या अहवालासाठी, त्याला पुरवठादारांचेही आकडे हवे होते. विजेची बिलं आणि डिझेलच्या पावत्या दोन दिवसांत जमल्या. रेफ्रिजरंटला, म्हणजे एसी आणि कोल्ड रूममध्ये फिरणाऱ्या गॅसला (गळला की तोही हरितगृह वायूच), अडीच महिने लागले, कारण मेकॅनिकच्या बिलावर एवढीच ओळ असायची: ‘गेस चार्जिंग, १ नंग’. किती किलो, कोणता गॅस, कोणत्या यंत्रात, काहीच नाही.

सुरुवात यंत्रांच्या यादीने केली. प्रत्येक नेमप्लेटवरून गॅसचं नाव आणि चार्ज, म्हणजे भरलेल्या गॅसचं वजन, उतरवायचं. कोल्ड रूमच्या बाबतीत इथेच फसगत होते. कंडेन्सिंग युनिटच्या प्लेटवरचा आकडा पूर्ण सिस्टिमचा नसतो, कारण लांब पाइपलाइन आणि आतली कॉइल भरायला लागलेला गॅस जागेवर वाढवलेला असतो. व्हीआरएफचंही, म्हणजे एका बाहेरच्या युनिटवर अनेक आतली युनिटं चालवणाऱ्या एसीचंही, तसंच. तीन अष्टमांश इंचाच्या लिक्विड लाइनला मीटरमागे पन्नास-साठ ग्रॅम जादा लागतो. खरा चार्ज कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू करतानाच्या, कागदावर मिळतो, तो नसेल तर पाइपची लांबी मोजून काढावा लागतो. दुसरी फसगत जुन्या आर-२२ यंत्रांची. आमच्या एका पॅकेज एसीच्या प्लेटवर आर-२२ होतं, आत मात्र आर-४०७सी भरलेला निघाला. गॅस बदलला की मोठ्या अक्षरांत स्टिकर लावायचाच, हा नियम तेव्हापासून केला.

गॅस किती गेला हे प्रेशरवरून कळत नाही, हे हिशोब करणाऱ्याला नीट समजलेलं असावं. बंद सिस्टिममध्ये थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत स्टँडिंग प्रेशर, म्हणजे यंत्र थांबलेलं असतानाचं प्रेशर, तापमानाप्रमाणेच राहतं. पस्तीस अंशांना आर-२२ सुमारे १८० पीएसआय दाखवेल, मग आत चार किलो असो की दोन. म्हणून ‘प्रेशर कमी होतं, भरून दिला’ ही नोंद हिशोबात शून्य कामाची. वजनकाटाच लागतो. तो पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. डिस्पॅचचा शंभर ग्रॅमचा काटा चालत नाही, कारण हवेत गेलेला शंभर ग्रॅम आर-४०४ए पृथ्वीला तापवण्यात ३९४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा असतो.

कोणता गॅस कार्बन डायऑक्साइडच्या किती पट, हे सांगणारे गुणक आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या पाचव्या अहवालातले आहेत: आर-४०४ए ३,९४३, आर-४१०ए १,९२४, आर-१३४ए १,३००, आर-३२ ६७७. चौथ्या आणि सहाव्या अहवालातले आकडे वेगळे आहेत. आर-४१०ए चौथ्यात २,०८८ आहे. ग्राहक कोणता संच मागतो ते आधी विचारून घ्यावं आणि तोच सगळीकडे लावावा. अमोनियाचा गुणक शून्य. त्याची गळती जिवावर बेतू शकते, पण या तक्त्यात ती येत नाही.

पहिल्या वर्षाचे आकडे बिलांच्या रकमेवरून उलट काढले आणि अहवालात ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहिलं. खरा हिशोब पुढच्या ३१ मार्चच्या संध्याकाळपासून सुरू झाला. तारीख महत्त्वाची आहे. एप्रिल लागला की इथला उन्हाळा कंडेन्सरचं प्रेशर चढवतो, बारीक गळत्या वाढतात आणि मेकॅनिकची धावपळ सुरू होते. दहा एप्रिलला स्टोअरमधल्या बाटल्या तोलल्या तर आरंभीचा साठाच चुकतो. पुन्हा भरायच्या सिलिंडरवर रिकामं वजन कोरलेलं असतं. वापरून टाकायच्या बाटलीवर ते नसेल तर एक पूर्ण रिकामी तोलून तो आकडा धरावा.

आर-४०४ए चं उदाहरण देतो, कारण आमच्याकडे खरा बोजा त्याचाच होता. आरंभीचा साठा ६.२ किलो. वर्षात १०.९ किलोच्या तीन बाटल्या घेतल्या, म्हणजे ३२.७. अखेरचा साठा ७.८. खर्च झाला ३१.१ किलो. त्यातले ९.५ किलो नव्या कोल्ड रूमच्या पहिल्या भरणीत गेले. ते यंत्रात आहेत, म्हणून वजा. उरले २१.६ किलो, ते हवेत गेले. गुणिले ३,९४३, म्हणजे ८५.२ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं. विजेच्या एका युनिटला सुमारे ०.७ किलो धरले तर हे एक लाख वीस हजार युनिटांच्या बरोबरीचं झालं. मालकांना टनांपेक्षा युनिटांची भाषा लगेच समजली.

सर्व्हिस रजिस्टरमधली बेरीज मात्र १९.४ किलोच आली. २.२ किलोंचा फरक शोधताना कळलं की ‘संपलेल्या’ बाटल्यांत तीन-चारशे ग्रॅम गॅस राहतो, आणि त्या तशाच भंगारवाल्याकडे जात होत्या. बाकीचा होज, म्हणजे भरायची नळी, गॅसने फुंकून साफ करताना गेला. आता बाटली रिकव्हरी मशिनने ओढून घेतल्याशिवाय स्टोअरबाहेर जात नाही. रिकव्हरी सिलिंडर ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, द्रव फुगायला जागा लागते.

काढून टाकलेलं यंत्रही विसरू नये. जुन्या पॅकेज एसींपैकी अजून आर-२२ वरच असलेला एक गेला तेव्हा गॅस कोणीच काढून घेतला नाही. प्लेटवरचे ८.४ किलो पूर्ण गेले असं धरलं. १,७६० ने गुणून १४.८ टन. आर-२२ ओझोनला मारक म्हणून मॉन्ट्रियल कराराखालचा असल्याने जीएचजी प्रोटोकॉल या हिशोबाच्या नियमावलीनुसार हा आकडा स्कोप १ मध्ये (कारखान्याच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनात) न घेता वेगळा दाखवायचा असतो. लपवायचा मात्र नसतो.

स्प्लिट एसी मोजण्यात फार जीव घालू नये. आमचे ४६ आर-३२ एसी, प्रत्येकी सरासरी ०.९ किलो. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने अंदाजासाठी दिलेला वार्षिक दहा टक्के गळतीचा दर लावला तर सगळे मिळून २.८ टन. दोन कोल्ड रूमपुढे हे काहीच नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते मेकॅनिककडून वजन लिहून घेणं. गॅससकट वार्षिक करार असेल तर बिलावर गॅसची ओळसुद्धा येत नाही. शेवटी करारातच घातलं: यंत्राचा क्रमांक, गॅसचं नाव, बाटलीचं भरण्याआधीचं आणि नंतरचं वजन, गळती कुठे सापडली. चार रकाने भरले नाहीत तर बिल पास नाही. चौथा रकाना सगळ्यात उपयोगी ठरला. ‘दरवर्षी थोडा भरावाच लागतो’ ही समजूत साफ चुकीची आहे, बंद सिस्टिममधला गॅस झिजत नाही. एकाच कोल्ड रूमसमोर तीनदा ‘इव्हॅपोरेटरचा फ्लेअर नट’ असं आलं, म्हणजे आतल्या कॉइलला पाइप जोडणारा नट. डिफ्रॉस्टच्या, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणाऱ्या, हीटरने तो सांधा दिवसातून चार वेळा तापतो आणि गार होतो, नट सैलावतो, भोवती तेलाचा काळपट डाग दिसतो. तिथे फ्लेअर काढून ब्रेझिंगने (धातू वितळवून) पक्का जोड केला, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट घेतली, पाचशे मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूम मोजायचं एकक) व्हॅक्यूम केला आणि तोलून गॅस भरला. त्या यंत्रापुढचे चारही रकाने तेव्हापासून कोरे आहेत.