‘ओके टू प्रिंट’ लिहिण्याआधी

मी हॉटेलं-रिसॉर्टांची आर्टवर्क तपासते. मेनू, टेंट कार्ड, खोलीतली माहितीपुस्तिका, दाराच्या मुठीला अडकवायचा टॅग, लाँड्री लिस्ट, स्टँडी, इन्स्टाग्रामच्या पोस्ट, सगळंच. पुण्यातली एक डिझाइन एजन्सी कोकणातल्या आणि महाबळेश्वरकडच्या काही हॉटेलांचं काम करते. फाइल प्रेसला जाण्याआधी माझ्याकडे येते. नातेवाइकांना वाटतं मी ऱ्हस्व-दीर्घ बघते. तेही बघते, पण नुसत्या तेवढ्यासाठी मला कुणी पैसे दिले नसते.

एका पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या फोल्डरचं, म्हणजे घडीच्या छापील माहितीपत्रकाचं, सांगते. एकाच मालकाची दोन रिसॉर्टं, एक अलिबागकडे, दुसरं मालवणकडे. मान्सून पॅकेज, मुदत १५ जून ते ३१ ऑगस्ट. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, लोगोभोवती मोकळी जागा बरोबर, ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, ३ मिलिमीटर, फोटो सगळे छपाईला लागतात तसे ३०० डीपीआयचे. आणि तरीही जवळजवळ प्रत्येक पान खोटं!

कव्हरवर निळ्याशार पाण्यात स्कूबा करणारं जोडपं. मालवण-तारकर्लीचे जलक्रीडा प्रकार मेअखेरीला बंद होतात ते सप्टेंबर उजाडेपर्यंत. समुद्र खवळलेला, पाणी गढूळ, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडीसुद्धा बंद. आतल्या पानावर ‘गेटवेहून बोटीने तासाभरात मांडवा’. गेटवेच्या प्रवासी बोटीही पावसाळ्यात बंदच असतात. भाऊच्या धक्क्यावरून २०२० साली सुरू झालेली रो-रो फेरीबोट पावसातही चालते, गाडी घालूनसुद्धा जाता येतं, पण तीही हवामान बघूनच सुटते. हे छापायला हवं होतं, ते कुठेच नव्हतं. आणि शेवटच्या पानावर ‘रोज पहाटेची ताजी सुरमई’. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, ६१ दिवस. माशांच्या विणीचा काळ. मी मालवणच्या शेफना फोन लावला तर ते हसायलाच लागले. “ताई, जुलयत ताजी सुरमय खयसून हाडू?”

डिझायनर मुलगा हुशार आहे, हात चांगला आहे त्याचा. तो म्हणाला, “ताई, हा मूड आहे. लोक इतकं शब्दशः घेत नाहीत.”

घेतात. आगाऊ पैसे भरलेला माणूस फोल्डर हातात धरून रिसेप्शनवर उभा राहतो तेव्हा तो अगदी शब्दशः घेतो. आणि समोर ना डिझायनर असतो, ना मालक. असते नुकती नोकरीला लागलेली एक मुलगी, जिनं ते फोल्डर छापून येईपर्यंत पाहिलेलंही नसतं. मी तिच्या बाजूनं वाचते. ‘हे दाखवून पाहुण्यानं विचारलं तर ती काय उत्तर देईल?’ एवढा एक प्रश्न घेऊन बसलं की बऱ्याच गोष्टी आपोआप दिसायला लागतात. २ ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला ‘वेलकम कॉकटेल मोफत’ लिहिलेलं पोस्टर, उदाहरणार्थ. ड्राय डे.

शेवटी त्या फोल्डरवर भातखाचरं आली, आणि मेनूत शेफनीच सुचवलेली पावसाळी थाळी. टाकळ्याची भाजी, सुकट, सोड्यांची खिचडी, सोलकढी. मला तर ती सुरमईपेक्षा जास्त खपण्याजोगी वाटली.

फोटोंच्या बाबतीत मी जरा जास्तच कडक आहे. फिलिपिन्सच्या पर्यटन खात्याचं काय झालं ते आठवून बघा. २०२३ मध्ये त्यांच्या नव्या मोहिमेच्या व्हिडिओत बालीची भातशेती आणि दुबईची वाळू निघाली. स्टॉक फुटेज! एजन्सीला जाहीर माफी मागावी लागली आणि कंत्राटही गेलं. आपल्याकडे हे लहान प्रमाणावर रोज चालतं. गुहागरच्या किनाऱ्याच्या नावाखाली मालदीवची वाळू. आपली वाळू एवढी पांढरी नसते हो.

मेनूकार्डाची तपासणी मात्र टेबलावर बसून होत नाही. प्रेसमध्ये प्रूफ बघतात ते पांढऱ्या दिव्याखाली, साधारण ५,००० केल्विनच्या. रेस्टॉरंटमध्ये २,७०० केल्विनचे पिवळे दिवे, तेही मंद. मध्यंतरी क्राफ्ट पेपरवर तपकिरी अक्षरांचा मेनू आला. स्क्रीनवर देखणा. पिवळ्या दिव्याखाली धरला तर पदार्थांची नावं कागदात विरघळलेली. त्याहून मोठी गोम खुणांची होती. ऑफसेटची शाई पारदर्शक असते, खालचा कागद तिच्यातून दिसतो. त्यामुळे शाकाहाराचं हिरवं वर्तुळ मातकट झालेलं आणि शेजारी मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण. सात पॉइंटच्या अक्षरांपुढे वर्तुळ कुठलं नि त्रिकोण कुठला, हे चष्मा लावूनही कळेना. श्रावणातल्या पाहुण्याच्या ताटात कोलंबी गेली असती तर तोंड वेटरला द्यावं लागलं असतं. कागद बदला म्हटलं. मालक क्राफ्टवर अडून बसले. मग शाकाहारी-मांसाहारी पानंच वेगळी केली आणि खुणांखाली पांढऱ्या शाईचा थर दिला. खर्च वाढला, वाढू दे.

दरपत्रकात मी आधी जीएसटीची ओळ बघते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ झाला, त्यावरच्या खोलीला १८ कायम राहिला. जुन्या फाइलवरून नवी फाइल बनते आणि त्यात १२ तसाच चिकटून येतो. क्यूआर कोडचंही तेच. तो स्कॅन होतो, पण उघडतो गेल्या वर्षीचा मेनू. म्हणून तो छापील नमुन्यावरूनच, आणि उघडून शेवटच्या किमतीपर्यंत बघायचा.

मराठी मजकूर असला की आणखी एक सवय आहे. पीडीएफ आली की पहिल्यांदा ‘किनाऱ्यावर’ शोधते. कोकणातल्या रिसॉर्टच्या मजकुरात तो असतोच असतो. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना फॉन्ट बिघडला असेल तर तो ‘ऱ्या’ आधी मोडतो, त्याचा रफार होतो नाहीतर पाय मोडून र सुटा पडतो. तो धड असेल तर बाकीचं बहुधा धड असतं. अक्षरं कर्व्हमध्ये बदलून घेतली, म्हणजे त्यांच्या नुसत्या आकृत्या केल्या, की प्रेसमध्ये पुन्हा बिघडायची भीती नाही. मात्र त्यानंतर मजकुरात साधा काना बदलायचा तरी मूळ फाइलकडे जावं लागतं, म्हणून हे काम अगदी शेवटी.

हल्ली मी फाइलसोबत सह्यांचा एक कागद जोडते. मेनूवर शेफ, दरावर अकाउंट्स, बाकी सगळ्यावर फ्रंट ऑफिस. एजन्सीला हा वैताग वाटतो, कारण मार्केटिंगवाल्या साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा आलेला असतो. असू दे. त्या तीन सह्या झाल्याशिवाय मी ‘ओके टू प्रिंट’ लिहीत नाही.