पॅलेटवरचा पुठ्ठ्याचा शंकू आणि 586 डॉलरचं बिल: माझा अनुभव

कोट, म्हणजे वाहतुकीचं आधी सांगितलेलं भाडं, होता 342 डॉलरचा. न्यू जर्सीहून एक पॅलेट (लाकडी फळीवर रचून बांधलेली माझी खोकी) निघालं, ओहायोतल्या एका शाळेत पोचलं, तिथल्या लोकांनी सही करून उतरवून घेतलं आणि माझ्या लेखी विषय संपला. तीन आठवड्यांनी ब्रोकरचा, म्हणजे ट्रककंपनी ठरवून देणाऱ्या मध्यस्थाचा, मेल आला: अंतिम बिल 586 डॉलर झालं असून फरकाची रक्कम तुमच्या कार्डावरून वळती केली आहे. आधी विचारलं नाही, पैसे घेऊन मग कळवलं. वरच्या 244 डॉलरचा खुलासा म्हणून तीन ओळी होत्या: रीक्लास 99, तपासणी 35, लिमिटेड ॲक्सेस 110. या तीन ओळींचा अर्थ लावण्यात आणि त्यातल्या एकीसाठी भांडण्यात माझे सात आठवडे गेले. त्या मेलची आठवण झाली की अजून संताप होतो, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

मी लाकडी शैक्षणिक साहित्य बनवून विकते. एरवी दोन-चार खोकी कुरिअरनं जातात. या वेळी 18 खोकी होती, म्हणून पहिल्यांदाच एलटीएलनं, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच ट्रेलरमधून, पॅलेट पाठवलं. बुकिंग, पिकअप, वाहतूक सगळं वेळेवर झालं.

कुरिअरच्या सवयीमुळे मला वाटायचं, वजन आणि अंतर सांगितलं की भाडं निघतं. इथे तसं नाही. ट्रेलरची जागा अनेकांत वाटलेली असते. कापसाचं पॅलेट वजनाला हलकं असतं, पण जागा लोखंडाच्या पॅलेटइतकीच अडवतं. म्हणून अमेरिकेत मालाला क्लास लावतात. 50 पासून 500 पर्यंत असे 18 क्लास आहेत आणि क्लास जितका वरचा तितकं शंभर पौंडांमागचं भाडं जास्त. मालाची घनता किती, हाताळायला किती अवघड, दुसऱ्या मालाबरोबर रचता येतो का आणि फुटण्या-चोरीला जाण्याची जोखीम किती, या चार गोष्टी त्यात बघतात. कोणत्या मालाला कोणता क्लास, ही यादी नॅशनल मोटर फ्रेट ट्रॅफिक असोसिएशनची असते. 19 जुलै 2025 पासून त्या यादीतला बराच माल थेट घनतेच्या 13 पायऱ्यांच्या तक्त्यावर गेला. माझा मालही या तक्त्यावरच येतो. त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न एकच उरतो: एका घनफुटात किती पौंड?

हिशेब शाळेतल्यासारखा आहे. लांबी, रुंदी, उंची इंचांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, 1728 नं भागायचं, घनफूट मिळतात. वजनाला त्यानं भागलं की घनता. माझं पॅलेट 48 बाय 40 आणि खालच्या लाकडासकट 46 इंच उंच, म्हणजे 51.1 घनफूट. प्रत्येकी 27 पौंडांची 18 खोकी आणि पॅलेटचे 44 मिळून वजन 530 पौंड. घनता 10.4. तक्त्यात 10 ते 12 ला क्लास 92.5 आहे, कोट त्यावरच दिला होता.

बिलात क्लास 125 होता. तो लागतो घनता 6 ते 8 असली तर. वजन त्यांनीही 530 च लिहिलं होतं. मग माल वाटेत फुगला कसा?

ब्रोकरला फोन केला. उत्तर मिळालं, ट्रककंपनीनं मोजलंय, आमच्या हातात काही नाही. ट्रककंपनीला केला तर म्हणाले, बिल ब्रोकरच्या नावावर आहे, वाद त्यांनीच मांडायला हवा, तुमच्याशी आम्ही बोलू शकत नाही. पुन्हा ब्रोकर. त्यानं एक फॉर्म पाठवला. बिल ऑफ लेडिंगची (माल ट्रककंपनीच्या ताब्यात देतानाच्या कागदाची) प्रत, विक्रीचं इनव्हॉइस, मालाचं माहितीपत्रक असं सगळं जोडून मी तो त्याच संध्याकाळी भरला. नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी दोन ओळी: दावा फेटाळला आहे, ट्रककंपनीनं तपासणीचा दाखला दिला आहे. दाखला मात्र जोडलेला नव्हता. ज्या कागदाच्या जोरावर माझे पैसे घेतले तो कागद मलाच दाखवायचा नाही, याची मला सगळ्यात जास्त चीड आली. तो मागितला, आठवड्यानं आला. अख्ख्या पानावर कामाचे आकडे चारच होते: 53, 44, 56 आणि 530.

हे आकडे मी कितीतरी वेळ बघत बसले. टेप धरताना एखादा इंच चुकू शकतो, दहा इंच कसे चुकतील? शिल्लक खोकी काढून मी तसाच तीन थरांचा ढीग पुन्हा रचला आणि मोजला. 46 च.

मग ब्रोकरचा नाद सोडून थेट ज्या टर्मिनलवर तपासणी झाली तिथे फोन लावला. तिथल्या एका बाईंनी पहिल्यांदा माझं पूर्ण ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, “मशीन मोजतं तेव्हा फोटोही निघतो. आकडे नका मागू, फोटो मागा.” सात आठवड्यांत कामाचं एकच वाक्य ऐकलं ते हे. या मोजणीच्या यंत्राला डायमेन्शनर म्हणतात. फोर्कलिफ्टनं पॅलेट त्याच्या खाली आणलं की वरचे सेन्सर सगळ्या बाजूंची सगळ्यांत बाहेरची टोकं टिपतात आणि त्या टोकांभोवती एक चौकोनी पेटी कल्पून तिची मापं देतात. मधली रिकामी जागा वजा होत नाही.

आणखी दोन मेल केल्यावर फोटो आला. राखाडी फरशी, पिवळे पट्टे आणि मधोमध माझं पॅलेट. खोक्यांवर निळ्या मार्करनं लिहिलेले आकडे माझ्याच अक्षरातले. वरती ‘यावर काही ठेवू नका’ असं छापलेला पांढरा पुठ्ठ्याचा शंकू. तो मी स्वतः घडी उलगडून, चारी बाजूंनी टेप लावून बसवला होता, माल दबू नये म्हणून. उंची दहा इंच. यंत्रानं शंकूच्या टोकापर्यंत उंची धरली होती. मग ट्रककंपनीची नियमावली डाउनलोड करून वाचली. उंची सर्वांत वरच्या बिंदूपर्यंत मोजायची असं त्यात स्पष्ट होतं, आणि विचार केल्यावर मला ते पटलंही: वर काही ठेवू नका असं मी सांगते तेव्हा वरची जागा मीच अडवते. तिचे पैसे मी द्यायला हवेत. पण हे कोट घेताना कोणी सांगितलं असतं तर मी शंकू लावलाच नसता. भक्कम पुठ्ठा आणि आतून आधार असलेली माझी खोकी तशीही दबली नसती.

पण 53 आणि 44 चं काय? फोटो मोठा करून पाहिला. मधल्या थरातली खोकी एका बाजूला सरकली होती, स्ट्रेच रॅप (भोवती ताणून गुंडाळलेलं प्लास्टिक) फाटलं होतं आणि त्याची एक पट्टी पॅलेटच्या बाहेर लोंबत होती. पिकअपच्या दिवशी मी चार फोटो काढले होते. त्यांत खोकी पॅलेटच्या कडेला अगदी बरोबर लागलेली दिसतात, रॅप ताठ आहे. बिल ऑफ लेडिंगवर ड्रायव्हरची सही आहे आणि मालाच्या अवस्थेबद्दल एकही शेरा नाही. म्हणजे माल सरकला तो त्यांच्या ताब्यात आल्यावर.

या वेळी पत्र चार वाक्यांचं लिहिलं. उंची 56 मान्य. लांबी-रुंदी अमान्य, सोबत यंत्राचा फोटो, माझे पिकअपचे फोटो आणि ड्रायव्हरची सही असलेलं बिल ऑफ लेडिंग. 48, 40, 56 धरले तर 62.2 घनफूट, घनता 8.5, क्लास 100. त्याप्रमाणे बिल दुरुस्त करावं. उलट उत्तर आलं की आमच्या अटींप्रमाणे वादाची 30 दिवसांची मुदत संपली आहे. इथे मला थोडा अभ्यास कामी आला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बिल मिळाल्यापासून 180 दिवसांत त्यावर हरकत घेता येते; ट्रककंपनीलाही वाढीव बिल काढायला मूळ बिलापासून 180 दिवसच असतात. करारात तो हक्क लेखी सोडून दिला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मी ब्रोकरच्या अटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या, तसं काही नव्हतं. कायद्याचं कलम लिहून पाठवलं आणि पत्रांची भाषा एकदम मऊ झाली. अकरा दिवसांनी क्लास 100 मान्य झाला आणि 76 डॉलर परत आले. तपासणीचे 35 नाही मिळाले, कारण क्लास 92.5 चा 100 झालाच होता. 76 डॉलरसाठी इतका खटाटोप का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझं मोजमाप बरोबर होतं म्हणून. ते पैसे खात्यात दिसले त्या दिवशी मला मनापासून अभिमान वाटला.

110 डॉलरच्या ओळीवर मी भांडले नाही. फॉर्ममध्ये डिलिव्हरीच्या जागेसाठी मी ‘व्यवसाय’ निवडलं होतं. शाळा, चर्च, शेत, बांधकामाची जागा, सामान ठेवायला भाड्यानं मिळणारी छोटी गोदामं हे ट्रककंपन्या सहसा लिमिटेड ॲक्सेसमध्ये धरतात, कारण तिथे ट्रक वळवायला, माणूस शोधायला वेळ जातो. आधी सांगितलं असतं तरी बहुतेक तेवढेच लागले असते, पण शाळेला दिलेल्या दरात मी ते धरले असते. लिफ्टगेट, म्हणजे माल जमिनीवर उतरवणारी ट्रकच्या मागची फळी, मात्र आधीच मागितलं होतं, 342 मध्ये त्याचे 60 होते. शाळेत माल उतरवायचा धक्का नव्हता.

क्लास वाढला की फ्युएल सरचार्ज, म्हणजे इंधनाचा अधिभारही वाढतो हेही बिल पाहून कळलं. तो भाड्याच्या टक्केवारीत असतो आणि टक्केवारी अमेरिकेचं ऊर्जा माहिती प्रशासन दर आठवड्याला डिझेलची जी देशभरातली सरासरी किंमत जाहीर करतं तिच्यावर हलते. म्हणून महिन्यापूर्वीचा कोट आज जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही.

वजनाबद्दल एक सांगायचं राहिलं. शंभर पौंडांमागचा दर 500, 1000, 2000, 5000 अशा टप्प्यांवर उतरतो. माल 950 पौंडांचा असेल तर 1000 चा दर लावून, नसलेल्या 50 पौंडांचे पैसे भरूनही बिल कमी येऊ शकतं. पॅलेटचं स्वतःचं वजन धरायला विसरू नका; माझे 44 पौंड मी विसरले असते तर वजनातही पकडले गेले असते. आणि माल घेणाऱ्याला आधी फोन करून सांगा की खोकं चेपलेलं दिसलं तर सही करण्यापूर्वी पावतीवर तसं लिहा. नुकसानभरपाईच्या दाव्याला कायद्यानं किमान नऊ महिने मिळतात, पण काही शेरा न लिहिता सही दिलेली असेल तर तेव्हा सिद्ध काय करणार?

पुढचं पॅलेट गेल्या महिन्यात गेलं. शंकू नाही. चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यावरून दोन प्लास्टिकचे पट्टे ताणून, मग स्ट्रेच रॅप पाच वेढे, शेवटचं टोक खाली खोचून. ड्रायव्हर थांबलेला असताना प्रत्येक बाजूला टेप लावून फोटो काढले, टेपवरचा आकडा वाचता येईल इतक्या जवळून. त्यानं विचारलं, एवढे फोटो कशाला? म्हटलं, तुमच्या मशीनसाठी.