अमृतसर: हे भांड्यांवर, मी पोळ्यांवर

सचखंड एक्सप्रेसला बसताना सोबत ताट-वाटी ठेवायची, हे आमच्या परभणीत कुणीही सांगेल. नांदेडहून अमृतसरला जाणारी ही गाडी. एका टोकाला तख्त हजूर साहिब, जिथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, आणि दुसऱ्या टोकाला हरमंदिर साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर. वाटेत ठिकठिकाणच्या फलाटांवर शीख मंडळी बादल्या घेऊन उभी असतात आणि प्रवाशांना लंगर, म्हणजे सगळ्यांसाठीचं फुकट जेवण, वाढतात. हे ठाऊक असूनही आमच्या ह्यांनी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी असा सगळा सरंजाम करायला लावला. "गाडी लेट झाली तर?" गाडी लेट झालीच, पण लंगर काही चुकला नाही. धपाटे शेवटी समोरच्या बाकावरच्या फौजी मुलाने संपवले.

कुठल्याही यात्रा कंपनीशिवाय, दोघांनीच एवढ्या लांब जायचं, हा हट्ट माझा. त्यामागे आमच्या संसाराचा इतिहास आहे.

लग्नाला ४० वर्षं होत आली, पण त्यातली कितीतरी वर्षं आम्ही शनिवार-रविवारचे नवरा-बायको. हे वीज मंडळात, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. ह्यांची बदली सेलूला, तर माझी शाळा जिंतूर तालुक्यात. मी परभणीजवळ येते न येते तोवर हे गंगाखेडला. शिक्षकांच्या बदल्यांमध्ये 'पती-पत्नी एकत्रीकरण' म्हणून एक प्रकार असतो. त्याचे अर्ज लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं. एकत्रीकरण खरं झालं ते दोघंही रिटायर झाल्यावर, आणि तेव्हा लक्षात आलं की चोवीस तास एका छपराखाली राहायची सवय दोघांनाही नाही.

भांडणं होत होती असं नाही. ह्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लेबलं लावली, गॅसची टाकी कधी लावली त्या तारखा कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली, कुकरच्या शिट्ट्या मोजू लागले. मदतच होती ती. पण मी फोडणी घालताना मागे कुणीतरी उभं आहे, ही जाणीव वाईट. आणि त्याहून वाईट म्हणजे बोलायला काही उरेना. पेपर एकच, टीव्ही एकच, भाजीवालाही एकच. नोकरीच्या दिवसांत शनिवारी रात्री भेटलो की माझ्या शाळेतल्या तपासणीपासून ह्यांच्या जळालेल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत गप्पा संपायच्या नाहीत. आता जे त्यांनी पाहिलं ते मीही पाहिलेलं. सांगायचं काय आणि कुणाला?

मग सहली केल्या. रिटायर्ड माणसाने टूरला जावं, हा आपल्याकडचा शिरस्ताच आहे. 'सहा-सात-आठ'चा कार्यक्रम: सहाला चहा, सातला नाश्ता, आठला बस. बसमध्ये शेजारी, जेवताना शेजारी, फोटोत शेजारी. डोंगर छान होते, सोय चांगली होती, तक्रारीला जागा नव्हती. पण मला राहून राहून एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीवर, केलेली कन्याकुमारी आठवायची. दोन पोरं, होल्डॉल, पाण्याचा जग, धाकट्याची हरवलेली चप्पल. हे तिकिटाच्या रांगेत आणि मी सामानापाशी. त्या प्रवासात आम्ही एकमेकांच्या शेजारी फारसे बसलोच नाही आणि तरी एकमेकांसोबत होतो. पोरांची जबाबदारी संपली, तसं आमच्या सुट्टीतलं कामही संपलं होतं. पाहुण्यासारखं फिरायचा मला कंटाळा आला होता, एवढंच.

शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीने सांगितलं की हरमंदिर साहिबच्या लंगरमध्ये कुणीही जाऊन कामाला बसू शकतं. नाव लिहायचं नाही, कुणाची ओळख लागत नाही. डोकं झाकायचं, चपला जोडाघरात द्यायच्या, हातपाय धुऊन आत जायचं आणि जिथे जागा दिसेल तिथे बसायचं. एवढं सोपं असेल यावर ह्यांचा विश्वास नव्हता. जाऊन पाहिलं तर तसंच होतं.

लंगरचं काम रात्रंदिवस चालतं. रोज ५०,००० हून जास्त माणसं जेवतात आणि सणाच्या दिवशी हा आकडा लाखावर जातो. डाळ, भाजी, खीर आणि पोळी. पोळीला तिथे 'प्रशादा' म्हणतात आणि ती दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायची, एका हाताने नाही. मी लाट्यांच्या ढिगाशी बसले. माझ्या एका बाजूला लुधियानाची एक आजी, दुसऱ्या बाजूला कॅनडाहून सुट्टीत आलेली तिशीतली मुलगी. आपल्या हाताला घडीच्या पोळीची सवय, तेल लावून, पदर सुटतील अशी. त्या नाजूकपणाला तिथे वेळ नाही. गोल झाली, पुढे गेली. गर्दी वाढली की पोळ्यांची यंत्रंही सुरू होतात, पण बायकांचा घोळका उठत नाही. तासाभरात माझे खांदे भरून आले आणि तोंड मात्र थांबेना. इतकी मी स्टाफरूम सुटल्यापासून बोलले नव्हते.

हे गेले भांड्यांवर. तिथला आवाज शब्दांत सांगता येणार नाही. हजारो स्टीलची ताटं एकमेकांवर आपटत असतात. ह्यांना ऐकायचं यंत्र आहे. ते त्यांनी काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पुढे म्हणे परमानंद. ताटातलं उष्टं आधी वेगळं काढतात, मग तेच ताट लांबच लांब हौदांवर एकामागून एक पुन्हा पुन्हा धुतलं जातं. दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात, त्यात वकील असेल, ट्रक ड्रायव्हर असेल, कॉलेजची पोरं असतील. आता आमच्या ह्यांना कुठेही रांग दिसली की ती सुधारायची इच्छा होते. इकडची ताटं तिकडून फिरवली तर वेळ कसा वाचेल, हे त्यांनी शेजारच्या वयस्कर सरदारजींना हातवारे करून समजावलं. सरदारजींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि ह्यांच्या हातात पुढचं ताट दिलं. विषय संपला. ४० वर्षांत मला हे जमलेलं नाही.

संध्याकाळी सरोवराच्या काठी परिक्रमेत बसायचो. थंडीत तो संगमरवर अनवाणी पायांना अक्षरशः चावतो, पण उठावंसं वाटत नाही. समोर पाण्यात सोन्याचा उजेड आणि आतून कीर्तन. आणि आम्ही दोघं काय करत होतो? बोलत होतो. हे भांड्यांच्या हौदावरचे किस्से सांगायचे, मी पोळ्यांवरचे. त्यांच्या शेजारी एक रागीट म्हातारा होता, तो रोज कुणाला तरी घालवून द्यायचा. माझ्या शेजारच्या आजीची सून तिच्याशी बोलत नव्हती आणि ती कथा हप्त्याहप्त्याने उलगडत होती. "मग आज काय म्हणाली?" असं ह्यांनी स्वतःहून विचारलं, तेव्हा मला तो शनिवार रात्रीचा माणूस परत भेटला. दिवसभर आम्ही एकमेकांना दिसतही नव्हतो. सुट्टी अशी असते हे मला या वयात कळलं.

त्या लुधियानाच्या आजीनेच एकदा गुरू अमरदासांची वाणी म्हणून दाखवली आणि हिंदीत अर्थ सांगितला. नुसते जवळ जवळ बसतात त्यांना नवरा-बायको म्हणू नये, दोन देहांत एक ज्योत असते त्यांना म्हणावं. ज्योतीचं मला ठाऊक नाही, ते फार वरचं झालं. पण जवळ बसण्याविषयीचं पहिलं वाक्य ऐकून मला टूरची बस आठवली आणि हसू आलं. तिनेच माता खीवींचंही सांगितलं. त्या दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी, लंगरची व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि गुरुपत्नींपैकी ग्रंथसाहिबात नाव आलं ते त्यांचं एकट्यांचं, तेही तुपाच्या खिरीसकट. लंगरमधली खीर त्यानंतर मी जरा आदराने खाल्ली.

जालियनवाला बाग पाहिली. १३ एप्रिल १९१९ च्या गोळ्यांच्या खुणा असलेली भिंत पाहिल्यावर हे बराच वेळ गप्प होते. वाघा-अटारीचा सोहळा पाहायला मी गेले नाही, मला तो आरडाओरडा नको होता. हे गेले आणि घसा बसवून आले.

मला मात्र थांबवून ठेवलं ते टाउन हॉलमधल्या फाळणी संग्रहालयाने. २०१७ साली सुरू झालेलं आहे, मंदिरापासून चालत जाण्याएवढं जवळ. सामान्य घरांतून दिलेल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत: भांडी, कपडे, पत्रं. त्यांत एक फुलकारीचं, म्हणजे पंजाबी भरतकामाचं, जाकीट आणि एक चामड्याची बॅग आहे. जाकीट एका मुलीचं, बॅग एका मुलाची. फाळणीच्या आधी त्यांचं लग्न ठरलं होतं. मग सगळं उधळलं, दोघं वेगवेगळ्या वाटांनी जीव वाचवून इकडे आले आणि अमृतसरच्या निर्वासित छावणीत जेवणाच्या रांगेत पुन्हा समोरासमोर आले. १९४८ साली त्यांनी लग्न केलं. दोघांनी वाचवून आणलेल्या त्या दोन वस्तू आता काचेआड एकत्र आहेत. मी तिथे उभी राहून विचार करत होते की ते दोघं त्या रांगेत पहिलं काय बोलले असतील. ठरवून दिलेली स्थळं, म्हणजे ओळख अशी नसणारच. गावाचं नाव सांगितलं असेल, कोण वाचलं, कोण गेलं ते विचारलं असेल. आमच्याही लग्नाआधी आम्ही एकदाच भेटलो होतो आणि ह्यांनी मला विचारलं होतं, "सायन्स का नाही घेतलं?"

संत नामदेव पंजाबात जिथे राहिले त्या घुमानला जायचं हे ह्यांचं खूप दिवसांचं मनात होतं. एप्रिल २०१५ मध्ये तिथे ८८ वं मराठी साहित्य संमेलन झालं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. तेव्हा माझ्या शाळेच्या परीक्षा आडव्या आल्या. अमृतसरहून टॅक्सीने गेलो. गुरदासपूर जिल्ह्यातलं हे गाव, दोन्ही बाजूंना गहू आणि मध्येच विटांच्या भट्ट्या. नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नर्सी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. १९९९ पर्यंत तर ते आमच्या परभणी जिल्ह्यातच होतं. तिथला शिंपी इतक्या लांब आला, इथे राहिला आणि त्याची ६१ पदं ग्रंथसाहिबात गेली. परभणीहून आलोत म्हटल्यावर गुरुद्वाऱ्यातल्या सेवादाराने आम्हाला बसवून चहा पाजला, नामदेवांच्या गावचे म्हणून. हे फार खूश झाले.

मी खूश होते, पण माझ्या डोक्यात नामदेवांची बायको राजाई होती. परंपरा सांगते की नामदेव पंजाबात वीसेक वर्षं राहिले. मग पंढरपुरात राजाईने ती वर्षं कशी काढली? सासू गोणाई, चार मुलगे, सुना, घरात येणारे-जाणारे. तिच्या नावावरच्या अभंगांत ती रखुमाईकडे गाऱ्हाणं घालते की तुझ्या विठोबाला सांग, माझ्या नवऱ्याला का वेडं केलंस. तिला 'एकत्रीकरणा'चा अर्ज कुणाकडे करायचा हे तरी ठाऊक होतं. घुमानला नामदेवांच्या आठवणी जपलेल्या आहेत, तपियाना साहिब हा गुरुद्वारा आहे, माघात मेळा भरतो. राजाईचं नाव मला कुठे दिसलं नाही. हे म्हणाले, "अगं, ती इथे आलीच नव्हती तर नाव कसं असेल?" मी म्हटलं, "तेच तर म्हणतेय." टॅक्सीत परतताना यावर आमचा चांगला वाद झाला. संतांच्या संसाराचा हिशेब आपल्या फूटपट्टीने लावू नये, असं ह्यांचं मत. मागे राहिलेल्या बाईने घर चालवलं म्हणून तो चालू शकला, हीही सेवाच, असं माझं. ड्रायव्हर मध्येच आरशातून बघत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण विषय बहुतेक कळला असावा.

कुणाला जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. गुडघे दुखत असतील तर पोळ्यांवर बसू नका, लसूण किंवा वाटाणे सोलायला बसा, तिथे मधून उठता येतं. राहायला मंदिराच्या सराया आहेत, पण गर्दीच्या दिवसांत जागेची खात्री नसते, तेव्हा बाहेरची एखादी खोली बघून ठेवा. डोक्याला सुती ओढणी किंवा मोठा रुमाल घरूनच न्या. आणि जोडीने जात असाल तर आत शिरल्यावर वेगवेगळ्या दिशांना जा.

परतल्यापासून ह्यांचं चाललंय की नांदेड इथून तासाभरावर, तिथेही लंगर आहे, तर एवढ्या लांब कशाला जायचं. मी ठाम नाही म्हणाले. नांदेडला गेले तर दुपारी झोपायला घरी येतील.