आमच्या वाट्याचा सा

आमच्या शाळेच्या गॅदरिंगची तारीख कॅलेंडर पाहून ठरत नसे. धान कापून झालं, पुंजणे रचून झाले, गावातली माणसं जरा मोकळी झाली की हेडमास्तर प्रार्थनेच्या वेळी तारीख सांगायचे. बहुतेक वेळा संक्रांतीच्या आसपासची. आणि त्याच दिवसापासून गायनाच्या गुरुजींची झोप उडायची.

गायनाचे गुरुजी म्हणजे खरं तर भूगोलाचे. शाळेला संगीत शिक्षकाचं पद मंजूर नव्हतं, पण गुरुजींकडे पदं भरपूर होती. नागपूरला शिकत असताना त्यांना संगीत नाटकांचं वेड लागलं होतं. जुन्या नाटकांची पुस्तकं त्यांनी वर्तमानपत्राची कव्हरं घालून जपली होती. गॅदरिंगला चाळीस पोरांचं समूहगीत व्हायचं आणि ते नाटकातलंच असलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. स्फूर्तिगीतं पंधरा ऑगस्टला म्हणतोच की, म्हणायचे.

हा हट्ट चुकीच्या मुलखात होता असं कोणालाही वाटलं असतं. वैनगंगेच्या अलीकडे, ब्रह्मपुरी तालुक्यातलं आमचं गाव. नदीपलीकडे वडसा, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाच्या, नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत रोज कुठे ना कुठे दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. स्टेजच्या पुढ्यात ऑर्गन, तबला, सगळं जिवंत वाजणारं. रात्रभर असली गाणी ऐकणाऱ्या माणसांपुढे आम्ही पांढरे सदरे घालून, हात मागे बांधून काय दिवे लावणार होतो? पण उलटंच व्हायचं. गाणं ऐकायची सवय असलेलं गाव होतं ते. चुकलं की लगेच कळायचं त्यांना. हीच खरी पंचाईत होती.

आठवीत असताना संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी फर्माइश केली, ‘शूरा मी वंदिले’ घ्या. ‘मानापमान’मधलं, खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांचं संगीत, 1911 सालचं. गुरुजींनी एकदा सांगून पाहिलं, की साहेब, हे एकट्याचं गाणं आहे, कसलेल्या गळ्यासाठी बांधलेलं. साहेब म्हणाले, मग आपले चाळीस आहेत, चाळीस पट चांगलं होईल.

झालं ते असं. अस्ताई, म्हणजे गाण्याचा पहिला भाग, बरी निघाली. मग तान आली, भरभर धावणाऱ्या सुरांची. पहिली रांग तान घेऊन समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, पोचली तेव्हा दुसरी रांग अर्ध्या वाटेवर होती आणि तिसरी अजून निघालीच नव्हती. मालगाडीचे डबे जसे एकामागून एक धडकत थांबतात तशी आमची तान थांबली. तबल्यावर बसलेला दादा बिचारा सम शोधत होता. लोकांना वाटलं, हा गमतीचाच कार्यक्रम आहे. टाळ्या इतक्या पडल्या की साहेब खूश झाले. गुरुजी मात्र पडद्यामागे खुर्चीवर बसून होते, चहा थंड होईपर्यंत.

पुढच्या डिसेंबरात गुरुजींनी नाटकांची पुस्तकं आमच्यासमोर उघडली. नववीची आम्ही दहा-बारा पोरं, प्रयोगशाळेमागची खोली, दाराच्या फटीतून थंडी. त्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असे, ‘चाल’ म्हणून, आणि पुढे दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे शब्द. तोवर आम्हाला वाटायचं की नाटकातली गाणी म्हणजे काहीतरी वरून पडलेलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ आणलं आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’, तेव्हा लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या चालींवर पदं बसवली होती. कीर्तनातल्या, लावणीच्या, बायकांच्या गाण्यांच्या, रागदारीतल्या चिजांच्या. गुरुजी बोटाने एकेक ओळ दाखवत गेले. इथे दिंडी, इथे साकी, इथे कामदा, इथे ओवी, सगळे जुने छंद.

‘‘गाजलेली पदं एकट्यासाठी असतात,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्याला त्यांच्या मधली पाहिजेत.’’

पुस्तक चाळताना जी पानं आपण उडवतो ती. पात्र आलं, दोन ओळींची साकी म्हटली, कथा पुढे गेली. रेकॉर्डवाल्यांना आणि मैफिलवाल्यांना तिचा काही उपयोग नाही, त्यात गळा दाखवायला जागाच नसते. पण दिंडी, साकी या सरळ चालीच्या. एका अक्षराला एक, फार तर दोन सूर. शब्द स्पष्ट ऐकू येतो, श्वास कुठे घ्यायचा ते चरणच सांगतो. आणि आमच्या गावाला त्या चाली पाठ होत्या, कारण कीर्तनात आणि भजनी मंडळात त्याच असत. एका पोराने पहिल्या झटक्यात दिंडी उचलली तेव्हा गुरुजींनी विचारलं, कुठे ऐकली रे? तो म्हणाला, ‘‘आमचा आबा म्हनते ना, गाय दोयताना.’’

त्या वर्षी ‘सौभद्रा’तल्या चार साक्या-दिंड्या ओवून त्यांनी बारा मिनिटांचा एक गोफ केला. मधे मधे आठवीची एक मुलगी दोन वाक्यांत कथा सांगायची. ‘नच सुंदरि करूं कोपा’ घ्यायची सगळ्यांची फार इच्छा होती, पण हेडमास्तरांना शाळेत एवढा शृंगार नको होता. शिवाय सहावीची पोरं तालमीत ‘करू खोपा’ म्हणत होती. त्यांना वाटत होतं, श्रीकृष्ण बायकोला केसांचा खोपा घालू नको म्हणून विनवतो आहे. मला विचाराल तर अर्थ फारसा बिघडत नव्हता.

आता माझ्यासारख्यांचं सांगतो. नववीत आमचे आवाज फुटले होते. काल मुलींच्या बरोबरीने वर जाणारी पोरं आज मधेच कोंबड्यासारखी आरवायची. मुलींना आणि लहान पोरांना काळी चार सोयीची, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून गायलेलं. आम्हाला त्या पट्टीत वर चढता येईना, आणि एक सप्तक खाली उतरून गावं तर ‘सा’ घशातच अडकायचा. आम्हाला वगळा, असं दोन बाईंनी सुचवलं. गुरुजींनी आम्हाला पेटीपाशी बसवलं, काळी चारचा सूर दाबून धरला आणि म्हणाले, मुलींचा जो खालचा ‘सा’ तोच तुमचा. दम संपला की त्याच्या खालच्या ‘प’वर जा, मग परत या. बाकी काही करू नका.

आम्हाला अपमान वाटला. बाकीच्यांना शब्द आणि आम्हाला नुसता ‘आ’! ‘‘गुरुजी, आमी का तंबोरा हाओ?’’ असं एकाने विचारलं सुद्धा. गुरुजी हसले आणि मुलींना गायला लावलं. मग हाताने आम्हाला खूण केली. त्या रिकाम्या खोलीत आमचा ‘सा’ त्यांच्या सुराखाली जाऊन बसला तेव्हा काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. खिडकीची काच हलकी वाजत होती एवढं आठवतं. तंबोऱ्यावाल्याने मग पुन्हा तोंड उघडलं नाही, ‘आ’ सोडून.

गुरुजींची वही मी पाहिलेली आहे. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, ठेका आणि ओळीओळीवर तांबड्या पेन्सिलीच्या बारीक खुणा. त्या खुणा श्वासाच्या. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर गाण्याला भोक पडतं, म्हणून पहिल्या रांगेच्या खुणा वेगळ्या, दुसरीच्या वेगळ्या. तान आली तर ती ते साफ काढून टाकत नसत, तिची चार सुरांची पायरी करत. गाणं वेगात गेलं तर उडत्या शब्दांची पदं बाद. ‘त्र’, ‘ष्ट’ असली जोडाक्षरं सलग आली तरी बाद, कारण चाळीस तोंडांतून ती एकदम कधीच पडत नाहीत, फटाक्यांच्या लडीसारखी वाजतात.

सुरुवातीला मात्र दरवर्षी नांदी. ‘मानापमाना’तली ‘नमन नटवरा’ आमची ठरलेली. नांदी मुळातच सगळ्यांनी मिळून म्हणायची, सूत्रधारामागे सगळे नट उभे राहून. म्हणजे आमच्यासाठी आयती शिवलेली. तिच्यासाठी वडशाच्या बाजूच्या एका नाटक कंपनीतले ऑर्गनवाले काका यायचे. रात्री त्यांचं नाटक असे, म्हणून आमचा कार्यक्रम संध्याकाळी सहालाच सुरू करावा लागे. ऑर्गन बैलगाडीतून तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, ठेवून आणत. भाता चालवताना त्यातून तणसाचं एखादं पातं उडायचं.

दहावीच्या वर्षी मुलींनी वेगळंच काढलं. देवलांच्या ‘शारदे’तलं ‘म्हातारा इतुका न’. 1899 चं नाटक, पैशासाठी कोवळी मुलगी म्हाताऱ्याला देण्यावर लिहिलेलं. ‘अवघे पाऊणशे वयमान’ ही ओळ वीस मुली एका सुरात, ओठ दाबून हसत म्हणतात तेव्हा एकटीच्या गळ्यातल्यापेक्षा ती कितीतरी जास्त बोचते. एकटी टोमणा मारते, पण वीसजणी म्हटल्या की ते गावाचं बोलणं होतं. (आमच्याकडे बरेच जण सांगतात की बालविवाहाचा शारदा कायदा या नाटकावरून आला. तसं नाही. 1929 चा तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. पण हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे पाहतात की जणू मी सारडांचा नातेवाईक आहे.)

पुढच्या रांगेत सतरंजीवर म्हाताऱ्या बसल्या होत्या. पहिल्या कडव्याला हसल्या. दुसऱ्याला त्यातली एक आजी हसायची थांबली आणि पदर तोंडाला लावून नुसती ऐकत राहिली. गाणं संपल्यावर तिने जागेवरूनच विचारलं, ‘‘कोन लिवलं व हे?’’ पुढच्या आठवड्यात तिच्या सुनेच्या हळदीकुंकवाला त्या वीसही मुलींना बोलावणं आलं. अंगणात उभं करून आजीने ते गाणं पुन्हा म्हणायला लावलं, दोनदा. वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलची वाटी दिली.

त्याच वर्षी शेवटचं गाणं होतं ‘कट्यार काळजात घुसली’मधलं, ‘तेजोनिधी लोहगोल’. अभिषेकीबुवांची चाल, नाटक 1967 चं. गुरुजींना या नाटकाचा विशेष अभिमान. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. आपल्याच मातीचं आहे, घाबरता काय, असं म्हणत त्यांनी आम्हाला ते शिकवलं. सूर्याचं गाणं, आणि आमच्या वाट्याला आलं रात्री नऊला, बाहेर हाडं गोठवणाऱ्या थंडीत. मधेच लाइट गेली. मुलींचा सूर एक क्षण लटपटला. आम्ही दहा पोरं ‘सा’ धरून होतो, तो आम्ही सोडला नाही, आमच्याकडे दुसरं काही नव्हतंच. त्या अंधारात मुली परत त्या सुरावर येऊन बसल्या आणि पुढची ओळ उचलली. कोणीतरी गॅसबत्ती आणली तोवर गाणं संपतच आलं होतं.

अलीकडच्या गॅदरिंगला पेनड्राइव्हवर वाद्यांचा ट्रॅक लावतात. ट्रॅक चांगला वाजतो, पण सहावीतल्या पोरासाठी अर्धी मात्रा थांबत नाही. गुरुजी निवृत्त होऊन मुलाकडे चंद्रपूरला गेले. वही कोणाकडे आहे, यावर आमच्या वर्गात अजून भांडण आहे.

गेल्या मंडईला आम्ही चार-पाच जुने मित्र शेजारच्या गावात नाटक पाहायला गेलो. स्टेजपुढे तेच ऑर्गनवाले काका, आता चष्म्याला दोरी लावलेली. त्यांनी आम्हाला ओळखलं का नाही, कळलं नाही. नाटक सुरू व्हायला उशीर होत होता, माणसं शेंगा फोडत होती. काकांनी हात मोकळे करायला म्हणून की काय, ‘नमन नटवरा’ची पहिली ओळ वाजवली आणि थांबले. काळी चारच होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या मिशा पिकायला आलेल्या. मग सतरंजीवर बसल्या बसल्याच, तोंड न हलवता, खालचा ‘सा’ धरला. काकांनी मान वर न करता पुढची ओळ वाजवायला घेतली.